डाव्या कानात गुलाब

वणीत आज कोणाच्या घरी काय आहे, हे कळायला पत्रिका यावी लागत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला टिळक चौकातल्या पानठेल्याशी उभं राहावं. फायाभाऊ वळणावर दिसायच्या आधी त्यांचं अत्तर पोचतं, आणि ठेलेवाला सुपारी कातरता कातरता, मान वर न करता सांगतो, "गुलाब हाय. तेरवी, नाईतं कोण्या साहेबाचा निरोप." मोगरा असला की म्हणतो, "लगन. जवळच्यातलं हाय, फाया मोठा हाय." ठेलेवाल्याचा अंदाज चुकल्याचं आजवर ऐकिवात नाही.

फायाभाऊ हे कोणा एकट्याचं नाव नाही. वणीत, मारेगावात, पांढरकवड्यात, कुठल्याही आळीत हा माणूस भेटतोच. साठी उलटलेली, नोकरी झेडपीच्या शाळेत नाहीतर कोळशाच्या खाणीत झालेली, मुलं पुण्यात. अंगात पांढरा बुशशर्ट आणि खिशात चष्म्याची डबी. चष्मा डोळ्यांवरच असतो, डबीत दोन कुप्या असतात. एक गुलाबाची, एक मोगऱ्याची. माणसाच्या आयुष्यात जे म्हणून घडतं ते या दोन कुप्यांत बसतं असा या गृहस्थाचा पक्का समज. एखादा प्रसंग बसत नसेल, तर चूक प्रसंगाची.

मी सांगतोय ते आमच्या गल्लीतले फायाभाऊ. उकणीकडच्या एका खाणीत हजेरीबाबू होते. पाळ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नावापुढे खुणा करण्यात हयात गेली, त्यामुळे जगाकडे दोनच रकाने करून पाहायची सवय जडली. निवृत्तीनंतर रजिस्टर गेलं, रकाने राहिले.

अत्तर हा लखनौ-हैदराबादच्या माणसाचा शौक असेल, वणीच्या माणसाची ती गरज आहे. कोळशाचे ट्रक गेले की कॉलर काळी होते. राजूरच्या चुनाभट्ट्यांकडून वारा सुटला की तीच कॉलर पांढरी होते. 1905 पर्यंत अख्खा जिल्हा वणीच्या नावानं ओळखला जायचा, मग ते नाव यवतमाळला गेलं आणि आमच्या वाट्याला धूळ राहिली, तीही दोन रंगांची. अशा गावात स्वच्छ धुतलेला शर्ट घालून निघालेला माणूस आंघोळ करून आलाय की पाळी संपवून, हे डोळ्यांना कळत नाही. नाकालाच विचारावं लागतं. भाऊंच्या शौकाचं मूळ इथं आहे, असं माझं मत. त्यांचं स्वतःचं मत वेगळं आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार हे घराणं आहे.

फाया करताना त्यांना पाहावं. कापूस विकतचा चालत नाही. मेडिकलमधल्या गुंडाळीला ते 'दवाखान्याचा कापूस' म्हणतात आणि त्याला हातही लावत नाहीत. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापूस विकत घ्यायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मेव्हण्याच्या शेतातलं बोंड डब्यात असतं. त्यातली सरकी नखानं काढायची, उरलेला पुंजका चिमटीत घेऊन पिंजायचा, मग अंगठा आणि तर्जनीत फिरवून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करायची. लग्न असेल तर दाणा तुरीचा. कुपीच्या काचेच्या बुचाला जी काडी असते ती गोळीला नुसती टेकवायची, बुडवायची नाही. "बुडवते तो हावरा," हे त्यांचं वाक्य. गोळी कानाच्या वरच्या घडीत बसवली की बोटाला उरलेला अंश मनगटावर, आणि मनगटावरून जो उरेल तो समोर जो असेल त्याच्या हाताच्या पाठीवर. समोर मी असतो. त्यामुळे भाऊ कुठल्याही कार्यक्रमाला निघाले की गल्लीच्या हिशोबात मीही गेलेलो असतो.

नियमाला मात्र शास्त्राचा आधार आहे, हे मान्य करायला हवं. गुलाब पहाटे तोडतात, कारण ऊन वर आलं की पाकळीतलं तेल उडायला लागतं. मोगऱ्याचं उलट. त्याची कळी दिवसा मिटलेलीच खुडतात, ती उमलते संध्याकाळी, आणि घमघमाट रात्री. यावरून भाऊंनी कायदा केला : सकाळचा कार्यक्रम गुलाबाचा, सांजेचा मोगऱ्याचा. कायदा चोख आहे. अडचण विदर्भातल्या लग्नांची आहे. पत्रिकेत मुहूर्त असतो सकाळी 11 वाजून 35 मिनिटांचा. नवरदेव दीडपर्यंत चौकात असतो, कारण त्याच्या मित्रांचं नाचून झालेलं नसतं. मंगलाष्टकं कधी तीनला, कधी चारला. आता फाया पत्रिकेच्या वेळेचा लावायचा की वरातीच्या? भाऊंनी या प्रश्नावर बरीच वर्षं घालवली आणि शेवटी पोटनियम काढला, की लग्न कधीही लागो, ते मोगऱ्याचंच. तेव्हापासून कायद्याचं स्वरूप बदललं. वेळ गेली आणि मूड आला. हसायचं असेल तर मोगरा, हात जोडायचे असतील तर गुलाब.

गुलाबाचा रकाना मोठा आहे. 29 ऑगस्ट ठरलेला, कारण त्या दिवशी लोकनायक बापूजी अण्यांची जयंती. अणे वणीचेच, जन्म 1880 चा, आणि भाऊ हारापेक्षा आधी फाया घेऊन हजर. बँकेत पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला जातानाही गुलाब. मी जिवंत आहे एवढंच सांगायचं असतं, त्याला मोगरा कशाला? सासुरवाडीलाही गुलाबच, आणि त्यामागे इतिहास आहे. गुलाबाचं अत्तर नूरजहाँच्या आईनं काढलं असं जहांगीरनं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. गरम गुलाबपाण्यावर तेलाचा तवंग आला, तो त्या बाईनं अलगद काढून घेतला. जावयानं सासूला लेखी श्रेय दिल्याचा हा दाखला भाऊ सासुरवाडीत दरवेळी सांगतात. सासूबाई आता नव्वदीच्या आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, पण गुलाब ओळखतात आणि जावयाला दुसरा चहा सांगतात.

केवड्याला त्यांच्या घरात प्रवेश नाही. ब्रह्मदेवाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली म्हणून शंकरानं केतकीला पूजेतून कायमचं काढलं, ही कथा भाऊ अगदी कोर्टाच्या निकालासारखी पाळतात. एकदा शेताच्या धुऱ्याच्या भांडणात ते साक्षीला उभे राहिले होते. त्या दिवशी कोणीतरी हौसेनं त्यांच्या मनगटाला केवडा लावला. भाऊंनी कोर्टाच्या आवारातल्या नळावर हात धुतला, रुमालानं पुसला, रुमालही फेकला. साक्ष काय दिली ते कुणाला आठवत नाही. हात धुतलेला सगळ्यांना आठवतो.

मोगऱ्याचा रकाना छोटा, पण भाऊ त्यात रमतात. लग्न, साखरपुडा, बारसं, कोजागिरी, नवरात्रात जैताईच्या मंदिरातली संध्याकाळ. निवडणुकीच्या मतमोजणीला मात्र ते दोन्ही कुप्या घेऊन बाहेर पडतात आणि चौथ्या फेरीपर्यंत कान कोरडा ठेवतात. मग कल दिसला की मोगरा लावून एका मिरवणुकीत, आणि परतताना गुलाब लावून दुसऱ्याच्या दारात. यात त्यांना लबाडी वाटत नाही. जिंकलेल्याकडे हसायचं असतं, हरलेल्याकडे हात जोडायचे असतात. कायद्यात बसतं.

माल नागपूरच्या मोमिनपुऱ्यातला. वर्षातून दोनदा एसटीनं जायचं, अत्तरवाल्या चाचांच्या गादीवर बसायचं आणि तोळा तोळा घ्यायचं. सोन्याचा तोळा ग्रॅमात गेला, अत्तराचा अजून शाबूत आहे. 12 मिलीच्या कुपीला आजही तोळाच म्हणतात. चाचा दरवेळी कनोजची गोष्ट सांगतात आणि भाऊ दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकतात. तांब्याची मोठी देग, तिच्यात फुलं आणि पाणी, झाकणाची फट मातीनं लिंपलेली, खाली मंद जाळ. देगेतून बांबूची नळी निघते ती पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते वास पिऊन घेतं. चाचा प्रामाणिक माणूस. चंदन महागलं, आता पुष्कळ ठिकाणी भपक्यात पॅराफिन असतं, हेही ते सांगून टाकतात. हा भाग भाऊ ऐकत नाहीत. तेवढ्यापुरते ते कुपी उजेडात धरून बघतात.

खरी गडबड उन्हाळ्यात होते. मे महिन्यात वणी पंचेचाळिशी पार करते, आणि त्या उन्हात अत्तर सुटतं ते एकदम सुटतं. त्यात नाकाचा स्वभाव असा, की एकच वास सारखा येत राहिला की ते त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. भाऊंना स्वतःचा मोगरा दहा मिनिटांत यायचा बंद होतो. त्यांना वाटतं उडाला. डबी निघते, काडी टेकते. अर्ध्या तासानं पुन्हा उडतो. लग्नाच्या पंगतीत भाऊ बसले त्या ओळीतल्या लोकांना वांग्याची भाजी मोगऱ्याची लागते. एका आचाऱ्यानं यावरून स्वतःच्या हाताखालच्या पोराला बोल लावल्याचं मी ऐकलंय.

पुण्याचा पुतण्या मागच्या दिवाळीला दोन स्प्रे घेऊन आला. दोन्ही फुलांचेच, एक दिवसासाठी आणि एक रात्रीसाठी, असं खोक्यावरच छापलेलं. भाऊंना आधी आनंद झाला, की आपला कायदा परदेशातही मानतात. मग त्यांनी खोकं वाचलं. रात्रीच्या बाटलीत जॅस्मिन होतं.

"हा मोगराच न?"

"नाई काका, जाईसारखं असते थे. मोगऱ्याले वेगळं लिवतात."

"मंग रातच्याले जाई कायले? मोगरा संपला होता का त्याहीच्याकडे?"

पुतण्या केमिकल इंजिनिअर. त्याला उगाच डिवचल्यासारखं झालं. म्हणाला, "काका, मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असते. थोडं असलं तं फुलाचा वास येते, जास्त असलं तं शेणाचा. शेणातबी हेच असते." काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्या तं कवाच सांगतलं होतं." भाऊ काही बोलले नाहीत. पुढले काही महिने ठेल्याशी नुसता गुलाब येत राहिला, आणि गावात एवढ्या तेरव्या कोणाच्या म्हणून लोक काळजीत पडले. मग रंगनाथ स्वामींची जत्रा आली, बैलबाजार भरला. भाऊ बैलबाजाराला निघाले तुरीएवढा मोगरा लावून. मी विचारलं तर म्हणाले, "अजी, शास्त्रानंच सांगतलं न. इथं तं जमलंच पाह्यजे." दिवसभर ते खोंडांच्या दावणींतून हिंडले आणि कुणी नाकाला रुमाल लावला नाही. पुतण्याला त्यांनी त्याच रात्री फोन करून प्रयोग यशस्वी झाल्याचं कळवलं.

एवढं सगळं रकान्यात बसवणाऱ्या माणसावर गेल्या मे महिन्यात एक दिवस आला. चिखलगावला एका आजींची तेरवी, आणि वरोरा रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्न, मुहूर्त 12 वाजून 20. दोन्हीकडे जाणं भाग. मधे घरी येऊन आंघोळ करायला वेळ नाही.

"आज कायीच लावू नोका," काकूंनी सुचवलं.

भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू काकूंनी त्यांना शर्टाशिवाय जा म्हटलं असावं. रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला : डाव्या कानात गुलाब, उजव्या कानात मोगरा. तेरवीत उजवा कान भिंतीकडे करून बसायचं, लग्नात डावा. घरी खुर्ची भिंतीशी लावून तालीमही झाली. काकूंना डाव्या बाजूला उभं करून, कोणता वास येतो म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "दोनी." भाऊंनी ते सर्दीवर ढकललं.

चिखलगावात त्यांना हवी तशी जागा मिळाली. भिंत उजवीकडे, माणसं डावीकडे. पण विदर्भात कूलर खिडकीत बसवतात आणि खिडकी भिंतीत असते, एवढं हजेरीबाबूंच्या हिशोबातून निसटलं. पंगत बसली आणि घरच्या कुणीतरी, भाऊंना ऊन लागलं असेल म्हणून, कूलर पुऱ्या जोरात सोडला. कूलरच्या तोंडाशी उजवा कान. मोगरा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेला.

बाहेरगावच्या माणसांना नुसता छान वास आला. वणीच्या माणसांनी तो वाचला. फायाभाऊ तेरवीला मोगरा लावून आलेत, म्हणजे या घरी काहीतरी जमलंय. आता त्या घरात जमण्यासारखं एकच होतं. आजींचा नातू, एम.ए. बी.एड., आठ एकर कापूस, विहिरीला पाणी, वय तेहतीस. पाच-सहा ठिकाणी पाहणं होऊन गेलेलं, आणि प्रत्येक मुलीच्या बापानं निघताना तोच प्रश्न विचारलेला, की नोकरी कुठं आहे? वरणभात वाढून होईपर्यंत त्याचं लग्न ठरलं. बुंदी आली तेव्हा मुलगी कोरपन्याकडची निघाली. हात धुवायला उठलेल्या लोकांनी हुंड्याचं काय, म्हणून विचारलं, तर त्यातल्याच एकानं "काई नाई, पोरगा चांगला हाय" असं सांगून टाकलं. नातू बादलीतून पाणी वाढत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक आज आपल्याकडे बघून का हसतात, एवढंच त्याला कळेना. आजीच्या तेरवीला!

भाऊ तिथून रिक्षानं निघाले. लग्नात डावा कान भिंतीकडे करायचा होता, पण मंगल कार्यालयाला भिंती कमी आणि पंखे जास्त. नवरीच्या आत्यानं गुलाब टिपला. बाई वणीच्याच. त्यांचा चेहरा उतरला. नवरदेवाची आजी घरी अंथरुणाला खिळलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. "भाऊ गुलाब लावून आले" एवढं वाक्य नवरीकडून नवरदेवाकडे गेलं आणि बँडवाल्यांना थांबा म्हणून खूण झाली. नवरदेवाचा काका मोबाइल घेऊन ग्राउंडवर पळाला. घरून फोन खुद्द आजीनं उचलला. काका रडायच्या बेतात, आजी खणखणीत : "मी हाय बे अजून! च्या पिऊन राह्यली. लगन लागलं का नाई?" मुहूर्त वीस मिनिटं टळला. वीस मिनिटं म्हणजे आमच्याकडे वेळेवरच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

भाऊंनी घेतलं. घरी येऊन दोन्ही फाये काढले, डबी कपाटात ठेवली आणि आठवडाभर टिळक चौकात फिरकले नाहीत. ठेलेवाल्याची पंचाईत झाली. गावात त्या आठवड्यात दोन लग्नं आणि एक तेरवी होऊन गेली, त्याला पत्ता नाही.

इकडे चिखलगावला पाहुणे यायला लागले. ज्यानं नोकरी कुठं आहे विचारलं होतं तोच एक बाप पुन्हा आला. कोरपन्याच्या माणसानं पोरगा पसंत केला, म्हणजे त्या पोरात आपल्याला न दिसलेलं काहीतरी असणार, असा त्याचा हिशोब. कोरपन्याचं कोणी नाही असं घरचे सांगू लागले, तेव्हा त्याला वाटलं भाव वाढवताहेत. त्याच्या मागून वरोऱ्याचे आले. दसऱ्याला साखरपुडा झाला आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्न, गोरज मुहूर्तावर, संध्याकाळी. भाऊंनी पत्रिका हातात घेतली आणि वेळ दोनदा वाचली. लग्नही, सांजही. पोटनियमाची गरज न पडलेलं त्यांच्या आठवणीतलं हे पहिलंच लग्न.

त्याचा परिणाम असा झाला, की आता तिशी ओलांडलेला मुलगा ज्यांच्या घरात आहे ते लोक भाऊंना तेरवीचं, वर्षश्राद्धाचं, अगदी सत्यनारायणाचंही मुद्दाम घरी येऊन आवतण देतात. उजव्या कानाचं आठवणीनं सांगतात. कूलरपाशी पाटही मांडून ठेवतात. भाऊंना अवघडल्यासारखं होतं. तेरवीला मोगरा त्यांच्या तत्त्वात बसत नाही, आणि समोरच्या बापाचं तोंड पाहून नाही म्हणवत नाही. ते आत जाऊन बसतात.

काकू दारातच असतात. "येतीन ते," त्या सांगतात. "फाया आमचा. अत्तर तुमी आणा, मोमिनपुऱ्याचं, तोळाभर. आन् लगन जमलं तं उरलेलं वापस मागू नका."